बाबांची भीती किती वाजता येते? : चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचं एक वाचन

सिनॉप्सिस लिहिताना 'संशोधनाची साधने' या मथळ्याखाली आपण सगळेच एक वाक्य टाकतो: माहिती संकलनासाठी प्रमाणित प्रश्नावली वापरण्यात येईल. गाईड मान डोलावतात, समितीतलं कुणी फारसं खोलात जात नाही, आणि आपण पुढच्या मथळ्याकडे वळतो. 'प्रमाणित' हा शब्द आला की प्रश्न मिटला असं आपण धरून चालतो. मीही चालले होते. माझं काम स्पेक्ट्रोस्कोपीतलं, त्यामुळे प्रश्नावल्यांशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो बाबांमुळे आला.

बाबा एकोणसत्तर वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात, आणि त्या नावामुळे सगळ्यांना वाटतं की हा फक्त थरथरीचा आजार. थरथर आहेच. पण गेली दोन वर्षं आमचं घर फिरतंय ते भीतीभोवती. दाराला कडी लावली का? गॅस बंद आहे का? आई भाजीला गेली ती अजून का आली नाही? छातीत धडधडतंय, मला दवाखान्यात न्या. आणि पाऊण तासाने हाच माणूस खुर्चीत बसून निवांत पेपर वाचत असतो. आई-बाबा साताऱ्याला, मी पुण्यात. रोजचं सगळं आई बघते. माझ्या वाट्याला शनिवार-रविवार, फोन आणि तपासण्या.

गेल्या वर्षी अशाच एका तपासणीच्या वेळी तिथे चाललेल्या एका अभ्यासासाठी बाबांकडून काही प्रश्न भरून घेतले. विचारणारी मुलगी माझ्याच वयाची होती, बहुधा माझ्यासारखीच पीएचडी करणारी. तिने विचारलं, "काका, गेल्या आठवड्यात तुम्हाला घाबरल्यासारखं, ताण आल्यासारखं वाटलं का?" बाबा म्हणाले, "किती वाजता?" ती हसली. "तसं नाही काका, एकंदर सांगा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा थांबले आणि म्हणाले, "थोडंफार." कागदावर १ हा आकडा पडला.

त्या १ ने मला बरेच दिवस छळलं. त्या मुलीची काही चूक नव्हती, तिने समोरचा प्रश्न विचारला. मग चूक कुठे आहे हे शोधायला मी त्या प्रश्नावल्या मागवून एकेक विधान वाचत बसले. पेपर वाचणं वेगळं आणि प्रश्नावली वाचणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. तुमच्यापैकी कुणी मानसशास्त्रात, समाजकार्यात, नर्सिंगमध्ये किंवा सार्वजनिक आरोग्यात संशोधनाची तयारी करत असाल, तर हे वाचन तुमच्या उपयोगाचं आहे. विषय माझ्या घरचा आहे म्हणून मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही, ते लक्षात ठेवूनच वाचा.

आधी थोडा इतिहास, कारण प्रश्नावलीत काय आहे हे काय *नव्हतं* त्यावरून जास्त कळतं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये या आजारावरचा निबंध छापला. त्यात एकूण सहा रुग्ण, आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. त्या निबंधातल्या व्याख्येतच असं म्हटलं होतं की या आजारात संवेदना आणि बुद्धी शाबूत राहते. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाची चाल दिसते, त्याच्या छातीतली धडधड दिसत नाही, त्यामुळे एका डॉक्टरच्या नजरेची ती मर्यादा समजू शकते. पण पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ मोजमापं त्याच नजरेची होत राहिली. १९६७ मध्ये होन आणि यार यांनी आजाराचे पाच टप्पे ठरवले, ते सगळे हालचालींवर आधारलेले. १९८७ मध्ये यूपीडीआरएस ही मोठी मोजपट्टी आली. तिच्या पहिल्या भागात मनाविषयी चार प्रश्न होते: बुद्धी, भास-भ्रम, नैराश्य आणि उमेद. चिंतेबद्दल एकही नाही. चिंतेचा वेगळा प्रश्न आला तो २००८ च्या सुधारित आवृत्तीत, जिला एमडीएस-यूपीडीआरएस म्हणतात. म्हणजे बाबांना जो प्रश्न विचारला गेला तो या आजाराच्या मुख्य मोजपट्टीत येऊन अजून वीस वर्षंही झालेली नाहीत.

आता तो प्रश्नच बघू. ० ते ४ अशा पाच पायऱ्या आहेत. गेल्या आठवड्यात चिंता नसेल तर ०. चिंता आहे पण सलग एका दिवसाहून जास्त टिकत नाही आणि कामांत अडथळा आणत नाही, तर १. एका दिवसाहून जास्त टिकते, तरी अडथळा नाही, तर २. रोजची कामं अडतात पण बंद पडत नाहीत, तर ३. बंदच पडली तर ४. वाचताना वाजवी वाटतं. पण या जिन्यावर बाबांना उभं करून पाहा. त्यांची भीती दिवसातून तीन-चार वेळा येते, अर्धा-पाऊण तास राहते आणि जाते. ती सलग एक दिवस कधीच टिकत नाही, त्यामुळे २ ची पायरी त्यांच्यासाठी नाहीच. एक तर ते १ वर असतील किंवा थेट ३ वर. आणि १ की ३ हे कशावर ठरणार? "कामात अडथळा येतो का?" हा पुढचा प्रश्न विचारला की नाही यावर. नीट विचारला असता तर त्यांना ३ मिळाला असता, कारण त्या पाऊण तासात आईला स्वयंपाकघरही सोडता येत नाही. याच मोजपट्टीत माहिती कुणी दिली याची नोंद करायची सोय आहे: रुग्णाने, काळजी घेणाऱ्याने, की दोघांनी मिळून. मी शेजारीच बसले होते, मला कुणी विचारलं नाही. साधन आणि साधनाचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समीक्षा करताना कुठला दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा ते नीट पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी घडली होती, जी कुठल्याच रकान्यात आली नसती. सातारा ते पुणे प्रवास करायचा म्हणून आम्ही बाबांच्या गोळीची वेळ सांभाळूनच गाडीत बसलो होतो. तपासणीच्या खोलीत ते दिवसातल्या सगळ्यात चांगल्या तासात होते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे ते सगळे हेच करत असणार, नाहीतर माणूस दारातून बाहेरच पडत नाही. मग दवाखान्यात भरलेली प्रत्येक प्रश्नावली चांगल्या तासातली असते.

आता तुम्ही म्हणाल, एकाच प्रश्नावर एवढा भार कशाला, चिंतेसाठी स्वतंत्र प्रश्नावल्या आहेत ना? आहेत. बरीच वापरली जाणारी एक म्हणजे बेक यांची, १९८८ सालची. २१ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ती यादी पार्किन्सन्सच्या रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून वाचा. पाय लटपटणं, तोल जाणं, हात थरथरणं, अंग थरथरणं. ही चार लक्षणं बाबांना भीती नसतानाही असतात. म्हणजे शांत बसलेल्या माणसाला या चारांचेच बारापर्यंत गुण मिळू शकतात, आणि प्रचलित वर्गवारीत ८ ते १५ म्हणजे सौम्य चिंता! घाम, चक्कर आणि अपचन मी अजून धरलेलंच नाही, आणि तीही या आजारात वेगळ्या कारणांनी होतात. बेक यांची प्रश्नावली वाईट आहे असं नव्हे. ती मानसोपचाराच्या रुग्णांसाठी केली होती, जिथे हात थरथरण्याचं कारण बहुधा भीतीच असतं. इथे हात थरथरण्याचं कारण आधीच ठरलेलं आहे.

याच्या उलट वाट धरली १९८३ च्या एचएडीएस या प्रश्नावलीने. झिगमंड आणि स्नेथ यांनी ती सर्वसाधारण रुग्णालयातल्या रुग्णांसाठी केली, म्हणून शारीरिक लक्षणं जाणूनबुजून टाळली. १४ विधानं, सात चिंतेची आणि सात नैराश्याची. विचार चांगला होता, पण शरीर पूर्ण बाहेर ठेवता आलं नाही. नैराश्याच्या भागात आपण मंदावल्यासारखं वाटतं का, असा एक प्रश्न आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णाला हे विचारणं म्हणजे पावसात भिजलेल्याला अंग ओलं आहे का विचारणं. आणि चिंतेच्या भागात पोटात फुलपाखरं उडण्याचा इंग्रजी वाक्प्रचार आहे. हा मराठीत आणायचा कसा? शब्दशः आणला तर आमच्या आळीतला कुठलाही आजोबा तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल. आपल्याकडे पोटात गोळा येतो. अर्थाने हे भाषांतर बरोबर आहे. मी बाबांना सहज विचारून पाहिलं, "पोटात गोळा आल्यासारखं होतं का?" ते म्हणाले, "गोळा नाही, गॅस." पार्किन्सन्समध्ये आतड्यांची हालचालही मंदावते, बद्धकोष्ठता नेहमीची. म्हणजे चांगलं भाषांतर करूनही आपण पुन्हा शरीरात येऊन पडलो.

भाषांतराबद्दल अजून थोडं बोलते, कारण तुमच्यातले बरेचजण हे काम करणार आहेत. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची समिती ही पद्धत तुम्हाला पाठ असेल. उलट भाषांतरात फक्त शब्द परत येतो का ते कळतं. 'अँझायटी'चं 'चिंता' आणि 'चिंता'चं पुन्हा 'अँझायटी', तपासणी पास. पण बाबांना "चिंता वाटते का?" विचारलं तर ते नाही म्हणतात. त्यांच्या लेखी चिंता म्हणजे कर्जाची, पोरीच्या लग्नाची. त्यांना जे होतं ते 'घाबरं होतं'. जीव वर-खाली होतो, धस्स होतं, काही सुचत नाही. आपल्या भाषेत काळजी करणं आणि घाबरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलणारा त्या कधी एकत्र करत नाही. 'चिंता' हा एकच पुस्तकी शब्द घातला की हा फरक पुसला जातो.

गंमत म्हणजे हाच फरक एका प्रश्नावलीने बरोबर पकडला आहे. २००८ मध्ये लेंटयेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्समध्ये वापरल्या जाणाऱ्या चिंतेच्या मोजपट्ट्यांची समीक्षा केली. नव्या मोजपट्टीची गरज आहे, असा तिचा रोख होता. (असे समीक्षालेख शोधून वाचायची सवय लावा. 'हे साधन चांगलं का आहे' सांगणाऱ्या दहा पेपरपेक्षा एक असा लेख जास्त शिकवतो.) मग त्यांनीच साडेतीनशेहून अधिक रुग्णांबरोबर काम करून २०१४ मध्ये पार्किन्सन अँझायटी स्केल प्रसिद्ध केलं. फक्त १२ प्रश्न, तीन गट. सतत राहणारी चिंता पाच प्रश्नांत, झटक्याने येणारी भीती चार प्रश्नांत, आणि टाळाटाळ तीन प्रश्नांत. शारीरिक लक्षणं अगदी मोजकी, दम लागणं आणि धडधड एवढीच. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. काळजी एका खणात, घाबरं होणं दुसऱ्या खणात. बाबा यात मावतात.

मावतात, पण पूर्ण नाही. ही प्रश्नावली गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारते. झटके आले का, किती वेळा आले, हे विचारते. ते *कधी* येतात हे विचारत नाही. आणि या आजारात 'कधी' हा किरकोळ तपशील नाही.

कारण असं. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध. कार्बिडोपासोबत दिलं तरी रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदूतल्या पेशी डोपामिन साठवून ठेवू शकतात, म्हणून गोळ्यांमधलं अंतर जाणवत नाही. जसजशा त्या पेशी कमी होतात तसतसा मेंदू रक्तातल्या चढउताराच्या मागे फरफटत जातो. गोळी लागू असते तो 'ऑन' काळ, ओसरते तो 'ऑफ' काळ. हे हालचालींबद्दल सगळ्यांना माहीत आहे. पण मनाचंही तसंच होतं. फ्रान्समधल्या वित्यास आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास केला. हालचालींखेरीज काय काय गोळीबरोबर वर-खाली होतं, हे त्यांनी विचारलं. ६६ टक्के रुग्णांनी चिंता सांगितली. हा आकडा सगळ्या रुग्णांना लावू नका. ते ५० जण मुळात असेच निवडलेले होते की ज्यांच्या हालचालींत चढउतार आधीच सुरू झाले होते. सगळे रुग्ण धरले तर २०१६ च्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात चिंताविकाराचं प्रमाण सरासरी ३१ टक्के निघालं. दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

माझ्या क्षेत्रात पहिल्याच वर्षी शिकवतात की सिग्नल ज्या वेगाने बदलतो त्यापेक्षा डिटेक्टर हळू असेल, तर तुमच्या हाती सिग्नल येत नाही, त्याची लापशी येते. बाबांची भीती तासाच्या हिशेबाने बदलते आणि आपण आठवड्याची, महिन्याची सरासरी विचारतो. "किती वाजता?" हा बाबांचा प्रतिप्रश्न त्या खोलीतला सगळ्यात शास्त्रीय प्रश्न होता.

बरं, तासाच्या हिशेबाने मोजणारं साधन नाही असंही नाही. हाऊझर यांची रुग्ण-डायरी २००० पासून औषधांच्या चाचण्यांत वापरली जाते. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. प्रत्येकात रुग्णाने खूण करायची: झोप, ऑफ, ऑन, किंवा ऑन असून अनावश्यक हालचाली, त्रासदायक नसलेल्या की असलेल्या. वेळ आहे, बारकावा आहे, पण सगळे पर्याय हालचालींचे. भीतीला चौकोन नाही. एका साधनात घड्याळ आहे आणि मन नाही, दुसऱ्यात मन आहे आणि घड्याळ नाही. मला सापडलेला सगळ्यात कामाचा प्रश्न एका अनपेक्षित जागी होता. डब्ल्यूओक्यू-९ नावाची नऊ लक्षणांची छोटी चाळणी आहे, गोळीचा परिणाम ओसरतोय का ते ओळखण्यासाठी. त्यात चिंता हे एक लक्षण आहे आणि त्याच्यापुढे विचारलेलं आहे की पुढची गोळी घेतल्यावर हे कमी होतं का. बस. चिंता किती आहे हे ती मोजत नाही, पण चिंतेच्या मोजपट्ट्यांनी विचारायला हवं होतं ते ती विचारते.

आमच्या घरात ही डायरी आधीपासून होती, फक्त मला माहीत नव्हती. आई कालनिर्णयाच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिते. बाबांचं सुरू झाल्यापासून तिने त्याच चौकोनात 'घा' आणि वेळ लिहायला सुरुवात केली होती. घा म्हणजे घाबरले. घा १०.२०. घा २.३०. बाबांच्या गोळ्या तेव्हा सात, अकरा, तीन आणि सात अशा होत्या. मी तीन आठवड्यांचे चौकोन आलेखावर मांडले. दिवसाच्या खुणा बहुतेक सगळ्या पुढच्या गोळीआधीच्या तासात येऊन बसल्या. तो कागद मी पुढच्या तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरांनी पाचेक मिनिटं पाहिला आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या, जेवणातली डाळ-उसळ गोळीपासून लांब ठेवायला सांगितली, कारण प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच वाटेने शोषले जातात आणि एकमेकांची अडवणूक करतात. (घरी स्वतःच्या मनाने हे करू नका. लेव्होडोपा अचानक कमी करणं धोक्याचं असतं.) दुपारचे 'घा' कमी झाले, सकाळचे थोडे राहिले.

आता माझ्याच आलेखाची चिरफाड करते, नाहीतर वरची सगळी टीका पोकळ ठरेल. एकच रुग्ण. नोंद करणारी व्यक्ती त्याची बायको, आणि तिला गोळीची वेळ माहीत. अकरा वाजत आले की तिचं लक्ष बाबांकडेच लागतं, मग साडेदहाची भीती दिसणार आणि साडेबाराची निसटणार. चाचणीत आपण निरीक्षकाला अंधारात ठेवतो ते याचसाठी. शिवाय आईचं घाबरणं बाबांना दिसतं. ती साडेदहाला घड्याळ बघते, म्हणून ते घाबरतात, असं नाही कशावरून? वेळा बदलल्यावर कमी झालं तेही कदाचित 'डॉक्टरांनी काहीतरी केलं' या दिलाशाने. हे सगळं मी त्या आलेखाच्या मागे लिहून ठेवलं आहे. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग चूक आहे का माझं?" चूक नाही गं. पण पुरावा म्हणून ते किती वजन पेलेल हा प्रश्न राहतोच.

आणि सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. खुणांचा एक पुंजका पहाटे तीनचा होता आणि तो गोळीच्या कुठल्याच हिशेबात बसेना. मी डोपामिनच्या गणितात इतकी रमले होते की रात्री डोस नसतो, म्हणजे ही रात्रीची ऑफ अवस्था, असं मी जाहीर करून मोकळी झाले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिवसाची असेल गोळीची. रात्रीची माझी आहे. उद्या मी पडलो तर तुझी आई मला उचलेल कशी, हा विचार गोळीने येत नाही." यावर माझ्याकडे आलेख नव्हता. रसायनशास्त्र शिकलेल्यांचा हा नेहमीचा मोह: एक कारण सापडलं की बाकीची भीती त्याच्यात ढकलून द्यायची. त्या रात्रीच्या भीतीसाठी आम्ही केलं ते एवढंच: संडासाच्या वाटेवर दिवा, भिंतीला धरायला दांडी, आणि शेजारच्या मुलाचा नंबर आईच्या फोनवर पहिला. पहाटेचे 'घा' अजून येतात.

आता टाळाटाळीच्या तीन प्रश्नांकडे येते, कारण हा भाग मला सगळ्यात जास्त लागला. लोकांत मिसळणं टाळता का, सार्वजनिक ठिकाणी जाणं टाळता का, असं पार्किन्सन अँझायटी स्केल विचारतं. इथे दोन अडचणी आहेत. एक म्हणजे, चालता येत नाही म्हणून न जाणं आणि भीतीने न जाणं यांतला फरक उत्तरात दिसत नाही. याची कल्पना कुणालाही येईल. दुसरी अडचण मला माझ्याच घरात दिसली. मी बाबांना विचारलं, बँकेत जायचं टाळता का? ते म्हणाले, "नाही. जायची वेळच येत नाही." खरंच येत नव्हती. बाबा पेन्शनर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते स्वतः बँकेत जायचे, रांगेत जुने सहकारी भेटायचे, चहा व्हायचा, अर्धा दिवस जायचा. आजारपण आल्यावर मी हुशारी केली. जीवन प्रमाणचं ॲप घेतलं, घरात खुर्चीत बसवून चेहरा दाखवून दाखला काढला, दहा मिनिटांत. वीजबिल, औषधं, पासबुक सगळं मी फोनवर आणलं. टाळण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून टाळाटाळीचे गुण शून्य. मुलगी जितकी तत्पर, तितका बापाचा आकडा चांगला. प्रश्नावली रुग्णाला विचारते, पण टाळायचं काम घरातलं दुसरंच माणूस त्याच्या वतीने करत असतं, आणि त्या माणसाला आपण मदत करतोय असंच वाटत असतं. लहान मुलांच्या चिंतेवरच्या संशोधनात घरच्यांच्या या वागण्याची वेगळी मोजमापं आहेत. म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीतही त्याची गरज आहे, हे मला पटलंय. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

काळजी घेणाऱ्याची म्हणून जी मोजपट्टी सर्रास वापरतात ती झरिट यांची, आणि ती मोजते ओझं. सध्याच्या आवृत्तीत २२ प्रश्न, जास्तीत जास्त ८८ गुण. ती प्रश्नावली सगळे वापरतात, पण जिच्यातून ती आली तो १९८० चा पेपर फार थोडे वाचतात. त्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणारे अवघे २९ जण होते आणि निष्कर्ष असा होता की ओझ्याचा संबंध रुग्णाच्या वागण्याच्या त्रासाशी दिसला नाही. तो दिसला इतर नातेवाईक किती वेळा भेटायला येतात त्याच्याशी. २९ जणांवरून जगाचा नियम होत नाही, मान्य. पण आमच्याकडे आत्या दर गुरुवारी दुपारी येते, आणि आई गुरुवारी केसांना तेल लावते, एरवी नाही. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला आई एकदा आली होती. परतताना गाडीत ती आजाराबद्दल काही बोलली नाही, एवढंच म्हणाली की तिथल्या एका बाईही दहा वाजले की घड्याळ बघतात.

तर सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्याचं काय करायचं? माझं म्हणणं असं की प्रश्नावली निवडण्याआधी ती तुमच्या ओळखीच्या, तो आजार किंवा ती परिस्थिती असलेल्या एका खऱ्या माणसाच्या वतीने पूर्ण भरून पाहा. त्या माणसाबद्दल तुम्हाला जे पक्कं माहीत आहे ते आकड्यात उतरतं का बघा. नाही उतरलं तर कुठल्या विधानात अडलं ते लिहून ठेवा. तुमच्या साधनांच्या प्रकरणातला तोच सगळ्यात प्रामाणिक परिच्छेद होईल. मूळ पेपर काढा आणि ती कुणासाठी केली होती ते पाहा. ती किती दिवसांबद्दल विचारते आणि तुमची गोष्ट किती वेळात बदलते, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. आणि वेळ परवडत असेल तर ती मोठ्याने, मराठीत, एखाद्या आजोबांना वाचून दाखवा. ते "म्हणजे?" विचारतील तिथे तुमचं भाषांतर अडलेलं असेल.

या नोव्हेंबरात मी ॲप काढलं नाही. बाबांची अकराची गोळी झाल्यावर पाऊण तासाने निघालो, रिक्षाने. रांगेत ते दोनदा म्हणाले, "चल, जाऊ परत." एकदा आम्ही खरंच दारापर्यंत आलो, तिथल्या बाकावर दहा मिनिटं बसलो आणि पुन्हा आत गेलो. सही बारीक आली, मुंगीएवढी, जुन्या सहीशी जुळेना, म्हणून पुन्हा करावी लागली. पेन्शनवाले एक काका भेटले, त्यांच्याशी बाबा पाच मिनिटं उभ्याने बोलले. घरी यायला दीड वाजला. संध्याकाळी कालनिर्णय पाहिला तर त्या दिवसाच्या चौकोनात दुधाचं एक लिटर लिहिलेलं, बाकी काही नाही. आईला विचारलं, आज काहीच लिहिलं नाहीस? ती म्हणाली, "मी कुठे होते तिथे? बघितलं नाही ते काय लिहू?"